चौरस खांब

उस्मानपुऱ्यात शिवणयंत्रांच्या एका दुकानावर काळेगावकर साहेबांचं इंजिनिअरिंगचं हापिस होतं, आणि त्या हापिसात दुपारच्या चहानंतर धृपद लागायचं. नवखा माणूस जिन्यातच थबकायचा. वर भजनी मंडळ बसलंय की काय, असं त्याला वाटायचं. वर असायचे दोघंच. मुंजाबा हा डिझाइन इंजिनिअर, आणि मुख्तार हा ड्राफ्ट्समन. मुंजाबा आपल्या हिशेबाच्या कागदावरून वाचायचा, "खांब सात. सळ्या आठ, वीस एमएम." मुख्तार त्या कागदाकडं ढुंकूनही बघायचा नाही. आपल्या ड्रॉइंगवर बोट ठेवून तिथं जे काढलंय तेच तो म्हणायचा, "खांब सात. सळ्या आठ, वीस एमएम. बरहक."

बरहक हा मुख्तारच्या अब्बांचा शब्द. निजामाच्या राज्यात ते मोजणीखात्यात साखळी धरायचे. माप जुळलं की बरहक म्हणायचं, म्हणजे खरं आहे, हक्काचं आहे, पुढं चला. कधीमधी मुख्तार गप्प राहायचा. मग मुंजाबा मान वर करायचा, दोघं टेबलावर वाकायचे, आणि चूक कुणाची, कागदाची की ड्रॉइंगची, ते शोधलं जायचं. असं वाचून झाल्याशिवाय एकही ड्रॉइंग जिना उतरत नसे.

ही रीत मुंजाबाची. बाप मेंढरं राखणारा, पण पोराला कीर्तनाचं वेड लागलं ते सुटलंच नाही. गारखेड्याच्या मारुतीसमोर सप्ताह बसला की हा इंजिनिअर हापिसातून थेट मांडवात. तिथंच त्याच्या ध्यानात आलेलं, की बुवानं नुसता चरण म्हणून भागत नाही. मागच्या टाळकऱ्यांनी तो उचलला, पुन्हा म्हटला, की मगच तो चरण खाली जमिनीवर उतरतो, माणसांत येतो. एकट्या गळ्यातलं गाणं कितीही गोड असो, ते अधांतरीच.

"आमच्या कव्वालीतबी तेच की, भाई," मुख्तार म्हणायचा. "मागचे गप झाले तर पुढचा किती वेळ वरडंल? दर्ग्यातून लोक उठून जातात."

"तुमच्या मांडवातून उठत नाहीत का?" सत्यभामा आतल्या खोलीतून विचारायची. ती ट्रेसिंग करायची आणि अमोनियाच्या यंत्रावर निळ्या प्रती काढायची. "अमोनियानं माझं डोकं उठलंय, अन् ह्या दोघांना भजन सुचतंय. आटपा लवकर. मला मुकुंदवाडी गाठायचीय."

तर असं ते हापिस. त्र्याण्णव साल होतं. वाळूजला माळरानावर शेडमागून शेड उभी राहत होती. चिकलठाण्यात जागा उरली नव्हती. परगावचे कारखानदार यायचे, त्यांच्या हातात ब्रीफकेस, तोंडात घाई. एकानं मुंजाबाच्या हातानं लिहिलेल्या हिशेबाची पानं चाळली आणि विचारलं, "कॉम्प्युटरवर नाही करत तुम्ही?" साहेबांचे कान लाल झाले.

त्या संध्याकाळी त्यांनी मुंजाबाला बोलावलं. "मुंजाबा, मशीन घ्यायचं. त्यातलं पॅकेज कोणतं घ्यायचं ते तू ठरव. मला त्यातलं कळत नाही, आणि कळून घ्यायचं माझं वयही नाही. तू सांगशील ते."

तू सांगशील ते, हे शब्द मुंजाबाला गोड लागले. एवढ्या वर्षांत त्याला कुणी असं म्हटलं नव्हतं.

पॅकेजं दोन लागणार होती. एक अ‍ॅनालिसिसचं. इमारतीवर वारा, वजन, क्रेनचा धक्का काय काय येतो ते त्याला सांगायचं, आणि कोणत्या खांबावर किती जोर येतो ते त्यानं काढून द्यायचं. दुसरं ड्राफ्टिंगचं, म्हणजे ड्रॉइंग काढणारं. पुण्याचा विक्रेता आला, त्यानं दोन जोड्या मांडल्या. पहिली जोडी स्वस्त. पण त्यातल्या दोघांची आपसात बोलचाल नव्हती. अ‍ॅनालिसिसवाल्यानं आकडे कागदावर छापायचे, आणि ते बघून ड्राफ्टिंगवाल्यावर माणसानं पुन्हा सगळं काढायचं. दुसरी जोडी महाग, पण जुळलेली. इकडचं उत्तर फ्लॉपीवर घ्यायचं, तिकडं घालायचं, की खांब, तुळया, सळ्या आपोआप पडद्यावर उभ्या.

"पत्रिका जुळलेली आहे म्हणा ना," साहेब म्हणाले.

"छत्तीसच्या छत्तीस गुण, सर," विक्रेता म्हणाला, आणि सगळे हसले. मुख्तार हसला नाही. तो आपल्या बोर्डापाशी उभा राहून पेनाचं टोक पुसत होता.

विक्रेता गेल्यावर त्यानं मुंजाबाला जिन्यात गाठलं.

"भाई, एकच पूछना था. पहिल्या जोडीत मधी माणूस लागतो. हौ ना?"

"व्हय."

"दुसरीत?"

मुंजाबानं जिन्याच्या कठड्यावर हात टेकला. खाली दुकानात कुणीतरी शिवणयंत्र चालवून बघत होतं.

"दुसरीतबी लागतो," तो म्हणाला. "मशीनवर बसणारा तर पायजेल ना? तो तू. तुझी खुर्ची हलणार नाय. माझा शबुद आहे."

"बोर्डाला खुर्ची नसती, भाई. मी एवढी वर्षं उभाच आहे," मुख्तार म्हणाला. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसला. "तुम्ही बोलला ना, मग झालं. अब्बा म्हणायचे, साखळीचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे ते बघून मोजणीला जावं."

मुंजाबानं पॅकेजची परीक्षा घ्यायची ठरवली. मुकुंदवाडीच्या रेल्वे स्टेशनाजवळचं एक गोदाम त्यांनी पूर्वी केलेलं होतं. त्याचा हिशेब त्याला तोंडपाठ. विक्रेत्यानं हापिसात आणलेल्या मशीनवर त्यानं ते गोदाम घातलं. जुळलेल्या जोडीनं भराभरा उत्तर दिलं, फ्लॉपी इकडची तिकडं गेली, आणि मुख्तारनं महिनाभर खपून काढलेलं ड्रॉइंग त्याच्या डोळ्यांसमोर ओळीओळीनं उमटलं. मुंजाबानं एकेक खांब तपासला. काही चुकलेलं नव्हतं. चुकणार कसं? त्या गोदामाचे सगळे खांब चौरस होते. चौरस खांब कुठल्याही अंगानं फिरवा, तो तसाच दिसतो. हे मुंजाबाच्या मनात आलं नाही. त्याचे डोळे पडद्यावर होते, आणि पडद्यासमोर बसलेला तो स्वतः त्याला दिसत होता.

शिफारशीचा कागद देताना त्यानं साहेबांना विचारलं, "मुख्तारला शिकवू ना मशीन?"

"अरे, मुख्तार आपलाच माणूस," साहेब म्हणाले. "तो काय मला परका आहे?"

मुंजाबाला तेवढं पुरलं. आता खरं सांगायचं, तर पहिली जोडी घेतली असती तरी काम अडलं नसतं. पण जुळलेलं ते चांगलं, हे इंजिनिअर म्हणून त्याला दिसत होतं, आणि ते खोटंही नव्हतं. माणूस खऱ्या गोष्टीच्या आडोशाला उभा राहिला की त्याला स्वतःची सावलीसुद्धा दिसत नाही.

मशीन आलं ते ऐन जानेवारीत. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देणार, ही बातमी शहरभर होती. सोळा वर्षं रखडलेली गोष्ट. कुठं गुलाल तयार ठेवलेला, कुठं बंदची हाक, चौकाचौकात पोलिसांच्या गाड्या. एस.टी. कधी चालू, कधी बंद. मुंजाबाच्या गल्लीतले लोक ओट्यावर बसून नाव देण्याविरुद्ध तावातावानं बोलायचे, आणि मुंजाबा मान हलवायचा. हापिसात सत्यभामा म्हणायची, "ह्या टायमाला व्हणारच, सर," आणि मुंजाबा मान हलवायचा. अठ्ठ्याहत्तरला, हेच नाव द्यायचं ठरल्यावर उसळलेल्या दंगलीत, तिच्या माहेरचं घर जाळलं होतं. अंगावरच्या लुगड्यानिशी तिच्या आईनं पोरं घेऊन मुकुंदवाडी गाठलेली. हे तिनं एकदाच सांगितलं होतं, प्रती सुकवता सुकवता, पाठमोरी उभी राहून.

"हापिस रस्त्यावर आहे," साहेब मुंजाबाला म्हणाले. "एखादा दगड आला तर मशीनचं काय? माझ्या बंगल्यावर लावू. पुण्याचा शिकवणारा तिथंच उतरेल. तू ये, आपला हेरंब येईल."

हेरंब हा साहेबांचा पुतण्या. त्यानं कॉम्प्युटरचा कसलासा कोर्स केलेला.

"अन् मुख्तार?"

"वातावरण बघतोस ना? त्याला आणि त्या बाईंना उगीच कशाला रस्त्यावर आणायचं? उद्या काही झालं तर आपल्या जिवाला घोर." साहेबांचा आवाज इतका मायेचा होता, की मुंजाबाला पुढं बोलवेना. आपण शिकू आणि मागाहून त्याला शिकवू, असं त्यानं मनाशी ठरवलं. ठरवलं आणि त्याला बरं वाटलं.

बंगल्यावर मजा होती. संक्रांत होती, साहेबांच्या बायकोनं गुळाच्या पोळ्या वाढल्या, तिळगूळ दिला. बाहेर शहर श्वास रोखून बसलेलं, आणि आत पडद्यावर खांब उगवत होते. नाव दिल्याचं जाहीर झालं त्या संध्याकाळी रेडिओ लागला. साहेबांनी तो बंद केला, म्हणाले, "चला, आता आपलं काम करू." मुंजाबानं मान हलवली.

हापिस उघडलं त्या सकाळी सत्यभामा पेढे घेऊन आली. कपाळाला निळ्या गुलालाची रेघ राहिलेली. तिनं पहिला पेढा मुंजाबाच्या हातावर ठेवला आणि दुसरा द्यायला मुख्तारकडं वळली. मुख्तार भिंतीपाशी उभा होता. जिथं त्याचा बोर्ड होता तिथं फरशीवर बोर्डाच्या पायांचे चार फिकट ठसे होते. त्या जागी टेबल, टेबलावर मशीन, मशीनपुढं हेरंब. अमोनियाचं यंत्र जिन्याखाली नेऊन ठेवलेलं.

साहेब नीट बोलले. कुणावर ओरडले नाहीत. आता प्रती मशीनच काढणार, ड्रॉइंग मशीनच काढणार, तुम्हा दोघांना महिना संपेपर्यंत दुसरीकडं काही बघता येईल, माझी ओळख आहे, चिठ्ठी देतो, असं म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

मुख्तारनं आपली पेनं कपड्यात गुंडाळली. पट्टी घेतली.

"भाई, तुम्ही शिकलात मशीन?"

"व्हय."

"कुठं?"

"साहेबांच्या बंगल्यावर."

"कधी?"

"बंदच्या दिवसांत."

मुख्तारनं पट्टीवरची शाई अंगठ्यानं पुसली. "मी घरीच होतो. सायकलवर जवळच आहे बंगला." मग तो म्हणाला, "मला वाटलं, मोजणीच बंद आहे."

"मुख्तार, साहेब म्हणले वातावरण..."

"वातावरण तर होतंच," सत्यभामा म्हणाली. पेढ्याचा पुडा तिनं पुन्हा दोऱ्यानं बांधला. "सर, आमच्या लोकांना नाव मिळवायला सोळा वर्षं लागली. तुमच्या हापिसाला दोघांची नावं पुसायला एक संक्रांत पुरली. तुमची मशीन लई हुशार."

मुंजाबाच्या हातातला पेढा तसाच राहिला. खावा तर कसा, आणि ठेवावा तर कुठं, असा तो कितीतरी वेळ उभा होता.

नव्या मशीनवरचं पहिलं मोठं काम वाळूजचं निघालं. लांबलचक शेड, आत जड क्रेन. क्रेन थांबली की खांबांना आडवा धक्का बसणार, म्हणून मुंजाबानं खांब आयताकृती घेतले, आणि त्यांची लांब बाजू धक्क्याच्या दिशेला ठेवली, उत्तर-दक्षिण. अ‍ॅनालिसिस उत्तम झालं. हेरंबनं फ्लॉपी इकडची तिकडं घातली, आणि चहा येईपर्यंत ड्रॉइंग तयार.

"वाचून घेऊ," मुंजाबा म्हणाला.

"काय वाचायचं?"

"मी हिशेब वाचतो, तू ड्रॉइंग म्हण."

हेरंब खळखळून हसला. "काका, आकडे तिथूनच इथं आलेत. आरशासमोर उभं राहून, तू मीच का, असं विचारायचं का? याच्यासाठीच तर तुम्ही जुळलेलं घ्यायला लावलं."

केबिनमधून साहेबही हसले. कारखान्याचा माणूस खाली गाडी चालू ठेवून थांबला होता.

मुंजाबानं ते ड्रॉइंग खिडकीपाशी नेलं आणि एकटाच वाचायला बसला. हिशेब वाचायचा, मग ड्रॉइंगवर बघायचं, मग स्वतःलाच हुंकार द्यायचा. "खांब बारा. तीनशे, सहाशे." ड्रॉइंगवर तीनशे, सहाशे होतं. "बरोबर." पण जो आकडा आत्ताच तोंडातून गेलाय तोच डोळा शोधतो आणि सापडला की विसावतो. तीनशे कोणत्या अंगाला आणि सहाशे कोणत्या, हे त्याला कुणी ड्रॉइंगवरून परत म्हणून दाखवलं असतं, तर कानाला खटकलं असतं. तिथं कुणी नव्हतं. त्यानं सही केली. पूर्वी ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तीन चौकटी असायच्या. डिझाइन करणारा, काढणारा, तपासणारा. मशीनच्या ड्रॉइंगवर हेरंबनं एकच ठेवली होती.

फेब्रुवारी सरत आला तेव्हा साइटवरून फोन आला. मुंजाबा आणि साहेब वाळूजला गेले. ऊन चांगलंच तापलं होतं. पायाच्या खड्ड्यांतून खांब गुडघ्याएवढे वर आलेले, ओळच्या ओळ, सगळे आडवे. उत्तर-दक्षिण असायचे ते पूर्व-पश्चिम. दोन्ही पॅकेजांची दिशा मोजायची तऱ्हा वेगळी होती. एक उजवीकडून मोजायचं, दुसरं समोरून. आकडे जुळले होते, तोंडं फिरली होती. मुकुंदवाडीच्या गोदामात हे कळायला मार्गच नव्हता.

मजूर घण घेऊन खांब फोडत होते. कारखान्याच्या मालकानं विचारलं, "सही कुणाची आहे?"

साहेबांनी मुंजाबाकडं बोट केलं. साधं बोट, रस्ता दाखवावा तसं. हेरंबचं नाव कुठं नव्हतंच.

परतीच्या वाटेवर साहेब गाडीत नुकसानीचे आकडे बोटांवर मोजत होते. उस्मानपुरा जवळ आल्यावर म्हणाले, "त्या मुख्तारला बोलव. रोजंदारीवर येऊ दे, वाचण्यापुरता. तासभर येईल, म्हणेल, जाईल. तुझं ऐकेल तो."

मुख्तार घरी नव्हता. त्याच्या बायकोनं, जाहेदानं, दारातूनच सांगितलं, "काम पे गये." कोणत्या ते सांगितलं नाही, पाणीही विचारलं नाही. सत्यभामा आता कोर्टाजवळ झेरॉक्सच्या दुकानात होती. तिनं कागद लावता लावता पत्ता दिला. "माझा भाऊ एका कॉलेजात क्लार्क हाय. तिथल्या पाटीचं काम मुख्तारभाईंना मिळवून दिलं. आता चार कॉलेजं मागं लागलीत. नाव बदललंय, पाट्या बदलायला नकोत व्हय?" आणि मग, वर न बघता, "तुम्ही कशाला निघालात, ते मला विचारायचं नाय."

शहराबाहेरच्या त्या कॉलेजच्या फाटकाला शिडी लावलेली होती. मुख्तार शिडीवर होता. पांढऱ्या पाटीवर पेन्सिलीच्या बारीक रेघा, आणि त्यांत तो रंग भरत होता. अक्षर तेच. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात नखाएवढं असायचं, इथं हातभर होतं.

"मुख्तार."

त्यानं खाली बघितलं. "अरे. आलात?" शिडीच्या पायरीवर चिमट्यानं लावलेला कागद त्यानं खाली सोडला. "बरं झालं. एवढं वाचा जरा. वर चढून उतरून मान धरली. चुकलं तर लोक सोडणार नाहीत, आणि सोडूही नये."

मुंजाबानं कागद उचलला. त्यानं हापिसातल्यासारखाच आवाज लावला.

"डॉक्टर."

"डॉक्टर," मुख्तार पाटीवर बोट ठेवून म्हणाला.

"बाबासाहेब."

"बाबासाहेब."

"आंबेडकर. आ वर अनुस्वार."

मुख्तारचं बोट त्या टिंबावर थांबलं. "आंबेडकर. अनुस्वार आहे. बरहक."

"मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न."

"मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न. बरहक."

मांडवात टाळ पडावा तसा तो शब्द मुंजाबाच्या कानावर पडला. त्याला वाटलं, झालं, मिटलं. माणूस किती दिवस राग धरील? त्यानं भडाभडा सगळं सांगून टाकलं. वाळूजचे खांब, घण, साहेबांचं बोट. "तू ये. तासभरच. आपण दोघं पूर्वीसारखं वाचू. माझी सही आहे रे त्या सगळ्यावर. पुढच्या तीन शेड त्याच मशीनवरून जाणार."

मुख्तार शिडी उतरला. ब्रश डब्यात बुडवला, काठावर निथळला.

"तुम्ही गोदामावर परीक्षा घेतली तेव्हा मी मागंच उभा होतो," तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही एकदाही मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर आपण वाचलं असतं. तेव्हाच."

"चुकलं माझं."

"खांब चुकला तर फोडता येतो, मुंजाबासाहेब."

भाई नव्हे, साहेब. मुंजाबाला ते ऐकू आलं, आणि त्याच्याबरोबर बाकीचंही कळलं.

"मघाशी तुम्ही वाचलंत, कारण ही पाटी माझी आहे," मुख्तार म्हणाला. "तुमची मेहरबानी. तिथं माझं काय आहे? तुम्हाला माझा आवाज पायजे, माणूस नको." तो पुन्हा शिडी चढला. वरून म्हणाला, "उन्हात उभे राहू नका. आत नळ आहे, पाणी प्या."

हापिसात साहेबांनी फायलीतून मान वर केली. "येतो म्हणाला?"

"नाही."

"बघ. एवढं करून हे असे." साहेबांनी पुढचं ड्रॉइंग त्याच्याकडं सरकवलं. "मग तूच वाच दोन्हीकडून. सावकाश वाच. सही तुझीच आहे."

त्या संध्याकाळी गारखेड्याला कीर्तन होतं, आणि मुंजाबा गेला नाही. खालच्या दुकानाचं शटर पडलं. हेरंब मशीनवर कापड टाकून निघून गेला. मुंजाबा खिडकीपाशी बसला, एका हाताखाली हिशेब, दुसऱ्या हाताखाली ड्रॉइंग.

"खांब एक," तो म्हणाला. "उत्तर-दक्षिण सहाशे."

आणि सवयीनं थांबला. फरशीवरचे ते चार ठसे अजून गेले नव्हते. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. मग त्यानंच ड्रॉइंगवर बोट ठेवलं, जे दिसत होतं ते पुन्हा म्हटलं. त्यापुढचा शब्द ओठांपर्यंत आला होता. तो त्यानं गिळला, कारण तो त्याच्या हक्काचा नव्हता.

"ठीक," मुंजाबा म्हणाला, आणि दुसऱ्या खांबाकडं वळला.